कुठल्या ओळीत दिसलं?

कुणी कवितेचं रसग्रहण वाचून खाली बसलं की वर्गात पहिला आवाज येतो तो "छान झालंय"चा. मग टाळ्या, मग पुढचा. या "छान"वर माझा मनापासून राग आहे. समोरच्याने आठवडाभर एका कवितेशी झटापट केलेली असते, घरचं सगळं आवरून रात्री जागून चार पानं लिहिलेली असतात. त्याच्या हातात आपण काय ठेवलं? आपण नीट ऐकत होतो की नाही, एवढंसुद्धा त्याला कळत नाही.

मी भुसावळला एका पतसंस्थेत काउंटरवर असते. चाळिशी उलटल्यावर एम. ए. मराठीला नाव घातलं आणि तेव्हापासून दर रविवारी गाडीने जळगावला तासाला जाते. वर्ग सगळ्या प्रकारच्या माणसांचा आहे. डी. एड. करून नोकरीची वाट पाहणाऱ्या मुली आहेत, एक निवृत्त पोस्टमन काका आहेत, यावलकडचा शेती सांभाळून शिकणारा एक मुलगा आहे, नाशिकहून लग्न होऊन इकडे आलेल्या एक ताई आहेत. मॅडमनी सुरुवातीलाच एक शिस्त घालून दिली. एकाने रसग्रहण वाचायचं. बाकीच्यांपैकी दोघांनी त्यावर लेखी अभिप्राय द्यायचा आणि तो लिहिणाऱ्याच्या तोंडावर वाचायचा. "छान", "सुंदर", "ओघवती भाषा", "अजून खोलात जायला हवं होतं" यातलं काहीही चालणार नाही. आणि कुणी काहीही म्हटलं, कौतुक केलं किंवा खोड काढली, तरी मॅडमचा प्रश्न एकच असतो. "कुठल्या ओळीत दिसलं?"

हा प्रश्न ऐकायला साधा आहे, पण वर्गातलं बोलणं त्याने मुळापासून बदललं. तोवर आम्ही एकमेकांच्या मतांवर बोलत होतो. "मला नाही पटलं", "मला तर फार भावलं" एवढंच. मतावर मत ठेवलं की एकतर भांडण होतं नाहीतर गप्प बसणं होतं. ओळ मधे आली की दोघंही एकाच जागेकडे बघायला लागतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बहिणाबाईंच्या 'मन' या कवितेच्या तासाला पाहिलं. आमच्याकडे बहिणाबाई म्हणजे घरचा विषय. त्यांचं जन्मगाव आसोदं जळगावला लागूनच आहे, विद्यापीठालाही २०१८पासून त्यांचंच नाव आहे. त्या कवितेवर कुणी काही नवं बोलेल असं कुणालाच वाटत नव्हतं. नाशिकच्या ताईंनी रसग्रहण वाचलं. तयारी भरपूर होती. सुरुवात "निरक्षर असूनही", शेवट "मनावर ताबा ठेवण्याचा मोलाचा संदेश कवयित्री देतात". मधे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, दहावीला शिकवतात तसे तिन्ही कप्पे व्यवस्थित भरलेले.

अभिप्राय यावलच्या मुलाकडे होता. तो एरवी फार बोलत नाही. त्याने पहिलं कडवं पुन्हा वाचलं:

"मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकावर"

मग म्हणाला, "ताई, आमच्याकडे ढोर वढाळ निघालं की त्याला नुसतं हाकलत नाहीत. गळ्यात लोढणं अडकवतात. लाकडाचा ओंडका. पळायला लागलं की तो पायात येतो. शेतकऱ्याच्या घरात हे लहान पोरालाही माहीत असतं. बहिणाबाईंना माहीत नसेल का? त्यांना ताबा ठेवा असं सांगायचं असतं, तर लोढणं कुठेतरी आलं असतं. पूर्ण कवितेत नाहीये. नुसतं हाकलणं आहे, आणि ते परत येणं आहे. मग हा संदेश तुम्हाला कुठल्या ओळीत दिसला?"

मी त्या दिवशी ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. एवढी वर्षं ती कविता तोंडपाठ आहे, पण कवितेत काय नाही हे मोजावं, असं कधी सुचलं नव्हतं. ते सुचायला उभ्या पिकातून ढोर हाकललेला माणूसच लागतो.

ताईही काही सहज सोडणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी पुस्तक उघडलं आणि पुढचं आणखी एक कडवं त्याच्यापुढे ठेवलं. "मन जहरी जहरी, याचं न्यारं रे तंतर, अरे इचू साप बरा, त्याले उतारे मंतर." यात इशारा नाही का, असं त्यांनी विचारलं. मन विंचवा-सापापेक्षा वाईट असं ती बाई सांगते, मग सांभाळून राहा असंच ना? वर्ग दोन बाजूंना वाटला गेला. तो मुलगा थोडा वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, इशारा आहे, मान्य. पण सापाला मंत्र आहे, याला नाही, असं ती म्हणतेय. म्हणजे इथेही उपाय नाहीच. मग मॅडमनी शेवटचं कडवं वाचायला सांगितलं, जिथे बहिणाबाई देवालाच विचारतात, "कुठे जागेपनी तुले असं सपन पडलं?" ज्याने मन घडवलं त्यालाही ते जागेपणी पडलेलं स्वप्न वाटावं, असा तो प्रश्न. त्यात उपदेश शोधू गेलं तर हाताला काही लागत नाही. नवल आहे, थोडी तक्रार आहे, आणि देवाशी बोलण्याचा तो घरगुती हक्क आहे.

पुढच्या रविवारी ताईंनी रसग्रहण पुन्हा लिहून आणलं. "मनावर ताबा ठेवा" गेलं होतं, "मनावर ताबा राहत नाही याचं नवल" असं आलं होतं. "निरक्षर असूनही" मात्र त्यांनी ठेवलं, आणि त्यावर माझा अभिप्राय होता. बहिणाबाई लिहायला शिकल्या नव्हत्या, घरच्यांनी गाणी उतरवून घेतली, मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती टिकली आणि १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तकरूपात आली. हे सगळं खरं आहे आणि मोलाचं आहे. पण रसग्रहण "असूनही"ने सुरू झालं की वाचणारा कवितेकडे कौतुकाने बघतो, बरोबरीने बघत नाही. ही बाई त्या वर्गात बसली असती तर तिला आपण "असूनही" म्हटलं असतं का, एवढंच मी लिहिलं. ताईंनी ते वाक्य शेवटी नेलं. काढलं नाही. त्यांचं रसग्रहण आहे, त्यांनी ठरवायचं. अभिप्राय देणाऱ्याने लेखणी हातात घेऊन दुसऱ्याचं पान दुरुस्त करायला बसू नये, असं माझं पक्कं मत आहे. प्रश्न नीट विचारावा आणि पान परत द्यावं.

संदेश शोधायची सवय आम्हाला शाळेतून लागली आहे, त्यात कुणा एकाचा दोष नाही. "प्रस्तुत कवितेतून मिळणारा संदेश" याला गुण असतात. गुण असले की गाईडमध्ये उत्तर असतं. उत्तर असलं की कविता वाचायची गरज उरत नाही. माझ्या मुलीच्या दहावीच्या वर्षी मी हे घरात रोज बघितलं. ती पोरगी कवितेवर इतकं छान बोलायची, आणि लिहायला बसली की तेच पाठ केलेलं उतरवायची, कारण वेळ तेवढाच असतो. मोठेपणी वर्गात आल्यावर ही सवय मोडायला एकमेकांचाच उपयोग होतो. शिक्षकांनी "चूक" म्हटलं तर आपण गप्प होतो. शेजारी बसणाऱ्याने "कुठे दिसलं, मला दाखव ना" म्हटलं तर आपण पुस्तक उघडतो.

बालकवींच्या 'औदुंबर'वर आमचे दोन रविवार गेले आणि मला ते दोन्ही तितकेच हवे होते. माझी रविवारची गाडी भादलीवरून जाते. भुसावळ आणि जळगावच्या मधलं ते छोटं स्टेशन. धरणगावात जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ज्यांना १९०७ साली जळगावच्याच कविसंमेलनात 'बालकवी' म्हटलं गेलं, ते १९१८च्या मे महिन्यात या भादलीजवळ रेल्वेच्या अपघातात गेले. वय तिशीच्याही आतलं. आमच्या भागातल्या माणसाला हे विसरता येत नाही, गाडी तिथे थांबतेच.

डी. एड. झालेल्या मुलींपैकी एकीने 'औदुंबर'चं रसग्रहण केलं आणि सगळी कविता मृत्यूकडे नेली. "पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे, हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे." हिरवं म्हणजे जीवन, काळा डोह म्हणजे मरण, पायवाट म्हणजे कवीचा स्वतःचा प्रवास, आणि शेवटी भादली. वाचताना तिचा आवाज भरून आला. वर्गही हलला. अशा वेळी अभिप्राय द्यायचा म्हणजे अवघडच.

मी लिहिलं ते असं: "हिरव्यातून काळ्याकडे जाणारी वाट तू दाखवलीस तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आठ ओळींत रंग किती ओळीने येतात. हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी वाट, हिरवी कुरणं, काळा डोह. हे तुझ्यामुळे दिसलं. पण भादली कवितेत कुठे आहे? कविता लिहिणारा माणूस जिवंत होता. त्या काळी ही कविता वाचणाऱ्याला भादली माहीत नव्हती. भादलीवर हात ठेवून पुन्हा वाच. मग मृत्यू उरतो का? उरत असेल तर कशामुळे? आणि पुढे लाटांवर पसरणाऱ्या 'गोड काळिमा'चं काय करायचं?"

तिला राग आला. रागावून ती म्हणाली, कवीचं आयुष्य माहीत असताना माहीत नाही असं कसं वागायचं? प्रश्न रास्त आहे. मॅडमनी तेव्हा केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांची गोष्ट सांगितली. त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले आणि अशा तेरा कवितांवरचे अभिप्राय घेऊन १९२९ साली एक पुस्तक केलं. नाव झाकलं की चांगले शिकलेले विद्यार्थीही गोंधळतात. स्वतःच्याच आठवणी कवितेत घालतात, ठरावीक भावना ठरावीक शब्दांवर ओततात. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं की चरित्र माहीत असणं वाईट नाही, पण ते शेवटी यावं. आधी ओळी.

त्यानंतर पोस्टमन काका बोलले आणि मला वाटतं त्या दोन रविवारांतली खरी गोष्ट तीच होती. काका वाघूरकाठच्या गावातले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी आडगावांतून चालत टपाल वाटलं आहे. ते म्हणाले, "बेटा, पायवाट पांढरी कधी होते माहितीये का? रोज पाय पडले की. गवत मरतं, माती दबते, उन्हात पांढरी दिसते. पंधरा दिवस कुणी गेलं नाही तर पावसाळ्यात ती पुन्हा हिरवी होऊन जाते. म्हणजे या डोहाकडे गावातली माणसं रोज जातायत. चार घरांचं गाव आहे, पाण्याला जात असतील. ही वाट रोजची आहे. मरणाची वाट असती तर एवढी मळलेली नसती."

वर्ग एकदम शांत झाला. ती मुलगीही. काकांनी तिचं वाचन खोडलं नव्हतं. तिने जी ओळ धरली होती, तीच त्यांनी पायांनी चाललेल्या माणसाच्या नजरेने दाखवली होती.

पुढच्या आठवड्यात ती जे घेऊन आली, ते मी अजून पुन्हा पुन्हा वाचते. भादली गेली होती. तिने लिहिलं होतं की या चित्रात झरा वाहतो आणि वाट "चालली" आहे, बाकी सगळं जागच्या जागी आहे. गाव आहे, मळे आहेत, औदुंबर तर पाण्यात पाय टाकून बसलाच आहे. वाट रोजची आहे हे काकांचं म्हणणं तिने घेतलं आणि त्यावर स्वतःचं पाऊल टाकलं. माणसं रोज ज्या काळ्या पाण्याकडे जातात, त्याची त्यांना भीती वाटत नाही, ते त्यांच्या जगण्याचं पाणी आहे, म्हणून काळिमा "गोड". मरण तिने पूर्ण सोडलं नव्हतं, पण आता ते पाणी भरण्याइतकं रोजचं झालं होतं. हे मला पटलं का? अर्धं पटलं. गोडपणाची तिची उकल मला जरा घाईची वाटते, आणि तसं मी तिला सांगितलंही. पण आधीचं रसग्रहण ऐकून डोळ्यांत पाणी आलं होतं, हे ऐकून मी कविता उघडली. दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं.

'असला औदुंबर'मधल्या 'असला'वर वाद घालायला आमच्याकडे सगळे उत्सुक होते, पण त्यात मी इथे शिरत नाही. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

अभिप्राय कसा द्यावा यावर काही जण मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, कारण आमच्या वर्गाची ही पद्धत मी आमच्या वाचनकट्ट्यावरही आणली. नियम सांगण्याएवढी मी मोठी नाही, पण काही गोष्टी मी सोडत नाही. समोरच्याच्या वाचनामुळे मला जे नव्याने दिसलं ते मी आधी लिहिते, आणि ते खरं असेल तरच लिहिते. काही दिसलं नसेल तर कविता पुन्हा वाचते, बहुतेक वेळा दिसतं. मग त्या वाचनात न बसणारी एक ओळ शोधते. एकच. पाच ओळी काढल्या की तो माणूस बचावाला उभा राहतो. एक ओळ दिली तर तो तिच्याशी खेळायला लागतो. वयाने मोठ्यांशी बोलताना मला सुरुवातीला संकोच वाटायचा. काकांना "तुमचं चुकतंय" कसं म्हणणार? पण "काका, ही ओळ तुमच्या अर्थात कुठे बसवता, मला सांगा ना" यात अनादर काहीच नाही, आणि काकांना तर असा प्रश्न विचारलेला फार आवडतो.

आणि आठवणींचं काय? आमच्यातले बरेच जण कवितेवर बोलता बोलता स्वतःच्या आयुष्यावर जातात. वडील आठवतात, गाव आठवतं, विकलेलं शेत आठवतं. त्याला "विषयांतर" म्हणून तोडू नये असं मला कळकळीने वाटतं. काकांची पायवाट हीसुद्धा आठवणच होती. फरक एवढाच की ती ओळीपर्यंत परत आली. आठवण ऐकून घ्यावी, आणि मग हळूच विचारावं की यातून ती ओळ कशी दिसते. काही वेळा परत येता येत नाही, तेव्हा ती आठवण म्हणूनच ऐकावी. तिच्यावर अभिप्राय द्यायचा नसतो.

या रविवारी माझ्याकडे मर्ढेकरांची 'पिपात मेले ओल्या उंदिर' आली आहे. मर्ढेकरही खानदेशातच जन्मलेले, पण वर्गात त्यांच्यावर बहिणाबाईंसारखा हक्क कुणी सांगत नाही. रसग्रहण आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीचं आहे. तिने उंदीर म्हणजे शहरातले कामगार असं वाचलं आहे आणि "जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे" ही सक्ती भांडवलशाहीची, असं ठामपणे लिहिलं आहे. माझं पान आज गाडीतच लिहून झालं. पहिल्या परिच्छेदात लिहिलं आहे की तिच्या वाचनामुळे मी "गरिब बिचारे बिळांत जगले" इथे थांबले. गरीब बिचारे हे आपण माणसांना म्हणतो, आणि ते शब्द उंदरांना लागले की बिळं चाळीतल्या खोल्यांसारखी दिसायला लागतात, हे मला आधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या परिच्छेदात एकच प्रश्न आहे. सक्ती आहे असं कविता दोनदा म्हणते, पण सक्ती कोण करतं ते सांगत नाही. ते नाव तू घातलंस. ते तुला कुठल्या ओळीत मिळालं, आणि मिळालं नसेल, तर मर्ढेकरांनी ती जागा रिकामी का ठेवली असेल?